वाड्याच्या परसात मेटल डिटेक्टर फिरवण्याआधी

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: नेवासे भागात तुमच्या पणजोबांचा वाडा आहे. मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली, आणि आता परसासकट साधारण पंधरा गुंठे जागा मोकळी पडून आहे. भिंतीच्या ढिगाऱ्यात तुमच्या मुलीला तांब्याचं एक जाड नाणं मिळालं, त्यावर 'श्री राजा शिव' असं वाचता येतंय. आता तुम्हाला हवंय ते एवढंच, की वीस-पंचवीस हजारांत कोणता मेटल डिटेक्टर घ्यावा, वाड्यात तो नेमका कुठे फिरवावा, आणि मिळेल ते घरात ठेवता येतं का.

मी अठ्ठावीस वर्षं नाणी वाचतोय. सुरुवात घरच्या डब्यातल्या चवल्या-पावल्यांपासून झाली, पुढे सातवाहन नाण्यांचा नाद लागला. डिटेक्टर हातात येऊन बारा वर्षं झाली. तो मी सर्वेक्षण करणाऱ्या मंडळींबरोबर, परवानगी असलेल्या जागी फिरवला आहे, आणि काही मित्रांच्या परसात त्यांच्या सांगण्यावरून. त्या अनुभवावरून तुमचे प्रश्न मी उलट्या क्रमाने घेतो. कारण यंत्र कोणतं हा तुमचा खरा प्रश्नच नाही. जमिनीतून वस्तू एकदा वर काढली की तिचं ठिकाण कायमचं जातं, आणि बहुतेक वेळा नाण्यापेक्षा ते ठिकाणच मोलाचं असतं. हे कसं सांभाळायचं, हा खरा प्रश्न आहे.

आधी कायदा. आपल्याकडे गुप्तधनाचा कायदा १८७८ सालचा आहे आणि तो आजही लागू आहे. त्यात निधीची व्याख्या फार रुंद आहे: जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपलेली, किंमत असलेली कोणतीही वस्तू. म्हणजे भिंतीत सापडलं म्हणून सुटका नाही, भिंतही जमिनीला जोडलेलीच. किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. शिवाय वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी जामीन द्यायचा. हे दहा रुपये १८७८ सालचे आहेत, पण आकडा तोच राहिला आहे. पुढे जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि कोणाचा दावा असेल तर चार ते सहा महिन्यांच्या आतली एक तारीख देतात. शंभर वर्षांच्या आत कोणी ती वस्तू पुरली होती असं दिसलं, तर दावेदाराला दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी असते. मालक कोणीच नाही असं ठरलं, आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन ती घेता येते. न कळवता दडवली तर हिस्सा जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

एकटं-दुकटं, रस्त्यात पडलेलं नाणं 'लपलेलं' मानायचं की 'हरवलेलं', यावर वकील मंडळी वाद घालू शकतात. मी त्या वादात पडत नाही. एक शिवराई, म्हणजे तुमच्या मुलीला मिळालं तसं तांब्याचं नाणं, असो वा भांडंभर नाणी, एका कागदावर कळवून पोच घेऊन ठेवावी, असं माझं मत आहे. पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीत बांधकामाच्या मातीत मुघलकालीन सोन्याची नाणी मिळाली आणि ती घरात ठेवली गेली. २०२१ च्या मार्चमध्ये पोलिसांनी २१६ नाणी ताब्यात घेतली. ज्यांना ती सापडली त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज दिला असता, तर कायद्याने त्यांना हक्क सांगता आला असता. वेळ गेल्यावर तेच प्रकरण पोलिसांकडे जातं.

दुसरी गोष्ट जागेची. वाडा गावठाणात असेल तर सातबारा नसतो, मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा काढा आणि त्यावर नावं कोणाची आहेत ते बघा. पणजोबांचा वाडा म्हणजे पाच-सात चुलत घरं तरी निघतीलच. सगळ्यांची संमती लेखी घ्या, अगदी मुंबईला राहणाऱ्या आत्याचीसुद्धा. मिळालेल्या नाण्यांवरून भाऊबंदकी पेटलेली मी दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा सगळ्या नाण्यांची मिळून किंमत दहा हजारांच्या वर नव्हती. शेजारी संरक्षित स्मारक आहे का हेही तपासा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित पट्टा असतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. वाड्यालगत पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड असेल, तर तिथे खुरपंसुद्धा लावू नका. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, खाली विभागीय कार्यालयंही आहेत. सुरुवातीलाच तिथे एक पत्र टाका: अमुक गावात आमचा पडका वाडा आहे, ढिगारा हलवताना जुनी नाणी मिळत आहेत, काय काळजी घ्यावी. हे पत्र पुढे तुमच्याच कामी येतं.

परदेशातले व्हिडिओ बघून लोकांना हा नाद लागतो. त्यातले बरेचसे इंग्लंडचे असतात. तिथे १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे, १९९७ पासून सापडलेल्या वस्तू नोंदवायची यंत्रणा आहे, आणि शेतकऱ्याच्या परवानगीने हजारो लोक हे काम उघडपणे करतात. आपल्याकडे तशी नोंदणीची सोय नाही, म्हणून नोंद ठेवायची सगळी जबाबदारी आपल्यावरच येते. आणि तिथली माती आपल्या मातीसारखी नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता तुमच्या मुलीच्या नाण्याकडे येऊ, कारण मला सगळ्यात रस त्यातच आहे. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची किनार. ही शिवराई. वजन सहसा अकरा ते तेरा ग्रॅमच्या आसपास भरतं. पण शिवराई मिळाली म्हणजे वाडा शिवकाळातला, असं कृपा करून गावात सांगत सुटू नका. हे नाणं पुढे पेशवाईच्या अखेरपर्यंत पाडलं जात होतं, आणि इंग्रजी अमल आल्यावरही खेड्यापाड्यांत ते चालत राहिलं. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे नंतरची. नाणं कधी पाडलं हे नाण्यावरून कळतं, पण ते खिशातून कधी पडलं हे फक्त आजूबाजूच्या मातीवरूनच कळू शकतं.

आणि तुमच्या बाबतीत ती माती भिंतीची आहे. यावर जरा थांबतो, कारण फार थोडे लोक हा विचार करतात. तुमच्या भागात वाड्यांच्या भिंती आणि धाब्यावरची माती बहुधा पांढरीची असते. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे आपण गावात सहज बोलतो. जुन्या वस्तीच्या टेकाडाची ती राखट, चिकट माती पाणी चांगलं अडवते म्हणून लोक गाड्या भरभरून ती आणत. त्या मातीत शेकडो वर्षांची खापरं, हाडं, बांगड्यांचे तुकडे, आणि नाणी असतात. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या भिंतीत दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहन नाणं असू शकतं, आणि त्याचा वाड्याशी काडीचाही संबंध नसतो. ते आलं गावाबाहेरच्या टेकाडावरून, कोणा गवंड्याच्या पाटीतून. शिवराई भिंतीच्या मातीतून आली, की भिंतीच्या कोनाड्यात ठेवली होती ती ढिगाऱ्यात पडली, हे आता सांगता येईल का? तुमच्या मुलीला ती ढिगाऱ्यात कुठे दिसली, वरच्या थरात की खाली, कौलांच्या तुकड्यांबरोबर की साध्या मातीत, हे तिला आजच विचारून लिहून ठेवा. महिन्याभराने तिला ते आठवणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले दोन महिने यंत्र घेऊच नका. एक जाड जाळीची आणि एक बारीक जाळीची अशा दोन चाळण्या आणा आणि तो ढिगारा चाळा. ती माती एकदा हललेलीच आहे. भिंत बांधताना हलली, पडताना हलली. ती चाळल्याने जुना थर मोडत नाही, इतिहासाचं नुकसान जवळजवळ शून्य. शिवाय डिटेक्टरला न दिसणाऱ्या वस्तू मिळतात: मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या गोळ्या, रंगीत खापरं. सोनारांच्या दुकानाची धूळ धुणारे झारेकरी जुन्या पांढरीची मातीही धूत असत, हे मला एका जुन्या नाणेवाल्याने सांगितलं होतं. माती पाण्यात ढवळायची आणि जड ते तळाशी, इतकं साधं तंत्र. पाण्याने धुण्याचा सल्ला मात्र मी देत नाही. शिशाची नाणी ओली ठेवली की खराब होतात, आणि मातीचा ढेकूळ कुठून आला तेही विसरतं.

चाळताना ढिगाऱ्याचे दोरी बांधून तीन-चार भाग करा. उत्तर टोक, मधला भाग, दक्षिण टोक, असं साधंसुद्धा चालेल. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी. मी हे का सांगतो? पंचवीस वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी परस नांगरताना वर आलेल्या अकरा शिवराया आणि चार शिशाची नाणी मी एका दुपारी गोळा केली आणि एकाच रिकाम्या बिस्किटाच्या पुड्यात टाकून घरी आणली. चार शिशाची नाणी सातवाहन होती, त्यांतल्या एकावर हत्ती स्पष्ट. आज मला सांगता येत नाही की ती चार एकत्र मिळाली होती की परसाच्या चार कोपऱ्यांत. एकत्र मिळाली असतील तर तिथे खाली कदाचित सातवाहन काळचं घर होतं, आणि वेगवेगळी मिळाली असतील तर ती बाहेरून आणलेल्या मातीतून आली. ती चारही नाणी अजून माझ्याकडे पाकिटात आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला जे सगळ्यात जास्त हवं होतं, ते मी त्याच दुपारी घालवलं.

एकत्र मिळण्याला किती अर्थ असतो त्याचं मोठं उदाहरण जोगलटेंभीचं. नाशिकजवळ १९०६ साली तिथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा परत मारलेला होता. नहपानाचं राज्य सातकर्णीने जिंकून घेतलं याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. तोच साठा एकेक नाणं करून वेगवेगळ्या सोनारांकडे गेला असता तर? सगळी नाणी शाबूत राहिली असती, पण ती कोणाच्या ठशाची किती, हे प्रमाणच हरवलं असतं. तुमच्याच भागात, नेवाशाला, १९५४ ते ५६ आणि १९५९ ते ६१ या वर्षांत पुरातत्त्वज्ञ सांकलिया, देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केलं. थरांत मिळालेली नाणी त्या थराचा काळ सांगतात, आणि नाण्याभोवतीची खापरं नाण्याला संदर्भ देतात. म्हणून तुमच्या पंधरा गुंठ्यांकडे मी हलक्यात बघत नाही. नेवाशाच्या भागात पांढरी असणं यात काहीच आश्चर्य नाही.

दोन महिने चाळण्यात गेल्यावर, आणि पत्रव्यवहार मार्गी लागल्यावर, यंत्राचा विचार करा.

आधी फसवणुकीबद्दल. 'दहा मीटर खोलीवरचं सोनं दाखवणारा', 'एक किलोमीटरवरून दिशा सांगणारा' असे प्रकार विकले जातात. हातात धरायच्या दोन कांड्या, एक अँटेना, वर एक दिवे लागणारा डबा. त्यांच्यामागे कोणतंही विज्ञान नाही. खरा डिटेक्टर कॉइलमधून, म्हणजे टोकाच्या तारेच्या चकतीतून, बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्याने धातूत विद्युतप्रवाह खेळतो, आणि त्या प्रवाहाचा परतावा कॉइल ओळखते. म्हणून नाण्याएवढ्या वस्तूसाठी त्याची पोच वीतभराच्या आसपास असते, फार तर थोडी जास्त. गुप्तधनाच्या नावाने पायाळू माणसाला आणा, पूजा घाला असं सांगणारे भेटले तर सरळ पोलिसांकडे जा. आपल्या राज्यात २०१३ पासून अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा आहे.

खऱ्या यंत्रांत नाण्यांसाठी कमी फ्रिक्वेन्सीची, व्हीएलएफ प्रकारची यंत्रं येतात. तुमच्या पैशांत यांतलंच एखादं साधं पण चांगलं यंत्र बसेल. ब्रँड सांगत नाही, कारण दर वर्षी यंत्रं बदलतात, पण तीन गोष्टी नक्की बघा. एक, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा परिणाम वगळणं, हाताने करता आला पाहिजे. दोन, सोबत साधारण सहा इंची छोटी कॉइल मिळाली पाहिजे. तीन, धातूची जात ओळखायला मदत करणारा आकडा पडद्यावर दिसला पाहिजे. पल्स इंडक्शनची, म्हणजे थांबून-थांबून विजेचे झटके सोडणारी, यंत्रं आपल्या मातीत खोल जातात हे खरं, पण लोखंड आणि तांबं यांतला फरक ती नीट सांगत नाहीत. पडक्या वाड्यात तो फरकच सगळ्यात महत्त्वाचा असतो.

आपली माती बेसॉल्टपासून झालेली आहे. त्यात लोहखनिजाचे कण भरपूर असतात. खात्री करायची असेल तर ओढ्याच्या कडेची वाळलेली काळी वाळू कागदावर घ्या आणि खालून लोहचुंबक फिरवा. कण उभे राहून चुंबकामागे धावतील. हेच कण यंत्राला सतत काहीतरी आहे असं भासवतात. म्हणून इंग्लंडच्या व्हिडिओत दहा इंचांवर मिळणारं नाणं इथे चार-पाच इंचांवर मिळालं तरी खूश व्हा. संवेदनशीलता कमी करा. हे उलटं वाटतं, पण आपल्या मातीत संवेदनशीलता कमी केली की गोंगाट कमी होतो आणि खरा आवाज ऐकू येतो. ग्राउंड बॅलन्स धातू नसलेल्या जागी, कॉइल वर-खाली करून, आवाज स्थिर होईपर्यंत करा. आणि दर तासाने परत करा, कारण परसातली माती दोन पावलांवर बदलते.

काळ्या जमिनीचा आणखी एक गुण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या हातभर आणि त्याहूनही खोल जातात. वरचं नाणं भेगेतून खाली जातं, पावसात भेग मिटते. परत उन्हाळा, परत भेग. त्यामुळे शेतात नाणं जितकं खोल तितकं जुनं, हा हिशोब आपल्याकडे चालत नाही. मी एकदा काळ्या शेतात साधारण कोपरभर खोलीवर १९४५ चा भोकाचा पैसा काढलाय, आणि त्याच वावरात बोटभर खोलीवर दुदांडी शिवराई.

वाड्यात कुठे फिरवायचं? माणसं जिथे वाकतात, बसतात, थांबतात, तिथे नाणी पडतात. दिंडी दरवाजाच्या आत-बाहेर दोन-तीन पावलं, ओट्याच्या खालची कड, आडाच्या कठड्याभोवतीची जागा, परसातल्या झाडाचा पार, गोठ्याच्या दावणीसमोर, आणि मोरीचं पाणी वाहून जाण्याची वाट. उकिरडा विसरू नका. वर्षानुवर्षं केरातून नाणी तिकडे जातात. शेतात गेलात तर जुनं खळं शोधा. मळणी तिथे व्हायची, तिथेच बलुतेदार यायचे, धोतरा-पदराच्या गाठी तिथेच सुटायच्या.

कुठे फिरवू नका तेही सांगतो. वाड्याच्या उभ्या भिंती आणि पाया नको. पाया भरताना नाणी ठेवायची पद्धत होती, ती काढायला गेलात तर भिंत अंगावर येईल. घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरलेला असतो. तिथे छोट्या, ठाम आवाजाचा सिग्नल मिळाला तर बहुतेक तोच असेल, त्याला तसाच राहू द्या. समाध्या, थडगी, देवळाचं आवार वर्ज्य. आणि जमिनीत पेव, म्हणजे धान्य साठवायचं जुनं भुयार, किंवा कोणतीही पोकळी लागली तर आत उतरू नका. बंद पेवातल्या कुबट हवेत माणूस बघता बघता बेशुद्ध पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

शोधायची वेळ गणपती ते दिवाळी. माती ओलसर असते, पण पायाला चिकटत नाही. मे महिन्यात खुरपं आपटून नाण्यावर ओरखडा येतो. सुतळी आणि खुंट्यांनी एक-एक मीटरचे पट्टे पाडा, कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर आणि समांतर ठेवून हळू फिरवा, आधीच्या फेऱ्याचा निम्मा भाग पुढच्यात यायला हवा. मग तोच पट्टा आडवा करा. सरळ आणि आडवं, दोन्हीकडून सारखाच गोड आवाज आला तरच खणा. एका बाजूने येणारा, तुटका आवाज बहुतेक वेळा गंजलेला खिळा असतो.

पहिल्या दिवशी निराश होऊ नका. माझ्या वहीप्रमाणे वाड्यातल्या दहा आवाजांपैकी आठ तरी खिळे, कडी-कोयंड्यांचे तुकडे, बिजागऱ्या, बैलाच्या नालेच्या पत्र्या आणि गुटख्याच्या पुड्या असतात. आणखी एक फसवणारं म्हणजे आपले ॲल्युमिनियमचे जुने पैसे. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, षट्कोनी वीस पैसे. आवाज इतका स्वच्छ येतो की छाती धडधडते. तेही वहीत लिहा. परसात कोणत्या काळात किती वावर होता ते त्यांच्यावरूनच कळतं. लोखंड पूर्ण बंद करणारा पर्याय यंत्रात असतो, तो वाड्यात वापरू नका. खिळ्याला चिकटून पडलेलं नाणं त्यात हरवतं. छोटी कॉइल आणि सावकाशी, हाच त्यावर उपाय. शिशाचं किंवा पोटीनचं (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाचं) सातवाहन नाणं आकड्यात खालच्या बाजूला येतं, म्हणजे बऱ्याचदा चांदीच्या कागदाच्या जवळ. राणीछाप रुपया साधारण ११.६६ ग्रॅमचा चांदीचा, त्याचा आकडा वर जातो आणि आवाज ठणठणीत.

खणताना एक लाकडी चौकट मनात धरा. गवत असेल तर तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उघडा, माती पोत्यावर काढा, वस्तू लागली की थांबा. वीतभर खोलीपर्यंत, म्हणजे नांगर-कुदळीने ढवळलेल्या थरापर्यंतच. त्याखाली राखेचा पट्टा, चुलीचे दगड, विटांची ओळ किंवा एका जागी बरीच खापरं दिसली, तर माती परत घालून खुंटी ठोका, फोटो काढा आणि विभागीय कार्यालयाला कळवा. एका जागी चार-पाच नाणी आली तर तीही काढू नका. ती निधीच्या व्याख्येत बसणारीच असतात, आणि भांडं कसं ठेवलं होतं हे जागेवर पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

नोंदीसाठी मोबाईलचं लोकेशन पुरत नाही, ते काही मीटर इकडे-तिकडे होतं. वाड्याचा एक पक्का कोपरा आणि आडाचा कठडा असे दोन बिंदू ठरवा, प्रत्येक वस्तूचं दोन्हीकडचं अंतर टेपने मोजा, खोली सेंटिमीटरमध्ये. वहीत नंबर, पाकिटावर तोच नंबर. इतकं केलंत तर उद्या कुणीही बसून कागदावर तुमच्या परसाचा नकाशा काढू शकेल.

आणि मिळालेली नाणी घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही नाही. तांब्यावरची हिरवी-तपकिरी साय त्याचं संरक्षण करते. फिक्कट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे, ते नाणं वेगळं ठेवा. पांढरी भुकटी आलेलं नाणं शिशाचं असू शकतं, ते हाताळल्यावर हात धुवा, मुलांना देऊ नका. कोरड्या मऊ ब्रशने माती झटका आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या मऊ अल्बममध्ये नाणी हिरवी होऊन चिकटतात. वाचता येत नसेल तर अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन त्यांचा संग्रह बघा. नाशिकहून जवळ आहे, आणि नाणी डोळ्यासमोर पाहून जे कळतं ते फोटोवरून कळत नाही. मुलीला घेऊन जा.

तोवर तुमच्या शिवराईचं वजन सोनाराच्या काट्यावर करून दशांशापर्यंत लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून काढा आणि पाठवा. अक्षरांमध्ये आडव्या रेघा आहेत का तेही सांगा. रेघा असतील तर वाड्याच्या बांधकामाचा काळ ठरवायला ती थोडीफार उपयोगी पडेल. पण तेही ती कुठल्या थरात होती यावर अवलंबून. म्हणून आधी मुलीला विचारा: शिवराई कौलांखाली होती, की कौलांच्या वर?